वेटोळे अजून जेवला नाही

प्रिय दादा,

“तू समोरून ऊठ आई, मग ती जेवेल.”

हे तू म्हणालास तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू बारा. बाबांची अचलपूरहून अमरावतीला बदली झाली होती. नव्या घरात चार दिवस मी पानावर बसून नुसता भात चिवडत होते. आईच्या गोष्टी सांगून झाल्या, धाक दाखवून झाला, शेवटी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तू शाळेतून आलास, दप्तर खुंटीला अडकवलंस आणि एखाद्या म्हाताऱ्या वैद्यासारखं हे वाक्य टाकलंस. वर म्हणालास, “तिला अजून हे घर कळलं नाहीये.” आई उठून मोरीत कपडे धुवायला गेली. त्यानंतर मी म्हणे दोन पोळ्या खाल्ल्या. मला पोळ्या आठवत नाहीत. तू माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभा राहिला होतास, तेवढं आठवतं.

आज रविवार. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे आणि समोरच्या खोलीचं दार बंद आहे. आत तुझा वेटोळे आहे. त्याच्या पुढ्यात कोमट केलेला एक उंदीर ठेवून मी बाहेर आले. साडेसातपर्यंत दार उघडायचं नाही, फटीतून डोकवायचंसुद्धा नाही, असं प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी बजावलंय. दोन तास! एवढा वेळ मी हातावर हात ठेवून कशी बसणार? म्हणून तुला लिहायला घेतलं.

दादा, वेटोळे चौदा आठवडे जेवलेला नाही. आणला तेव्हा सोळाशे ग्रॅम होता, दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंकडे तेराशे ऐंशी भरला. आजही त्याने तोंड लावलं नाही तर उद्या सकाळी डॉक्टरबाईंकडे त्याला नळीने भरवायचं आणि तिथूनच सॅक्रामेंटोकडच्या एका बाईंच्या स्वाधीन करायचं, असं ठरलंय. त्या असेच साप सांभाळतात. शिरीष म्हणतो, “मंजू, यात हरणं वगैरे काही नाही. त्याचं भलं बघ.” त्याचं बरोबर आहे. पण शिरीषने तुला शब्द दिलेला नाही. मी दिलाय.

कुठे दिला, ते तुला माहीत आहे का? तिथून काही दिसतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझ्या ईडन प्रेरीच्या घरामागे, त्या गोठलेल्या तळ्याच्या काठी आम्ही तुझा दहावा केला. जानेवारीतलं मिनेसोटा! शिरीषने फोन धरला होता आणि फोनमध्ये गुरुजी होते. तो थंडीने पाय आपटायचा आणि गुरुजी वरखाली व्हायचे. तुला बायकापोरं नाहीत, तेव्हा मीच सगळं केलं. गुरुजींनी हरकत घेतली नाही, फक्त एकदा म्हणाले, “ताई, हातमोजे काढावे लागतील.” काढले. पिंड ठेवून मागे होईपर्यंत भात दगडासारखा झाला होता.

कावळे नव्हते असं नाही. कितीतरी होते, पलीकडच्या निष्पर्ण झाडांवर ओळीने बसलेले, तुझ्या ऑफिसातल्या मीटिंगला आल्यासारखे. एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला, आश्वासन द्या.” मी बोलले. आईला मी बघेन, म्हटलं. कावळे जागचे हलेनात. तुझी पुस्तकं कोणाला देणार नाही, म्हटलं. काही नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “तुझ्या त्या जनावराला मी घेऊन जाईन. मी स्वतः सांभाळीन.” शिरीषने चमकून माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी विचारलं, “कोणतं जनावर?” आणि कावळे? एक उडाला. उलट्या दिशेने.

तासाभराने गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववा. शास्त्रात सोय आहे.” पूजेच्या पुडक्यात दर्भ होता. बधिर बोटांनी मी एक गवताचा कावळा वळला. धड चोच नाही की पंख नाहीत. त्याला पिंडाला टेकवलं आणि आम्ही गाडीत जाऊन हीटरपुढे हात धरून बसलो.

त्याच दिवशी आईचा फोन आला. “कावळा शिवला का गं?”

मी म्हटलं, “शिवला.”

हे तुला सांगितल्यावर आता थोडं हलकं वाटतंय.

दादा, नऊ वर्षांपूर्वी मी तुला काय म्हणाले होते ते आठवतं? ईरा पाच वर्षांची होती. तुझ्या घरी आलो तर बैठकीतल्या काचेच्या पेटीत एक अजगर! तू म्हणालास, “हे श्रीयुत वेटोळे. बॉल पायथन. कोणाला काही करत नाहीत, फार सज्जन.” ईरा हरखून गेली आणि मी तिला उचलून सोफ्यावर चढले. बाहेर हॉटेलात राहिलो, निघताना मी तुला सुनावलं, “या घरात एक तर तो राहील, नाही तर आम्ही येऊ.” तू हसलास. म्हणालास, “तुम्हाला स्वतःचं घर आहे मंजू. त्याला नाही.”

मग मी आलेच नाही. तू दर दिवाळीला इकडे फ्रीमाँटला यायचास आणि चौथ्या दिवशी तुला पाय फुटायचे. मी रुसायचे. आमचा कंटाळा येतो का रे? काही झालंय का? तुझं ठरलेलं उत्तर, “काही नाही गं.” आता कळतं की पेटीतलं पाणी चार दिवस पुरायचं. तसं सांगितलं असतंस तर? चिडले असते, पण निदान खरं कारण धरून चिडले असते!

विमानात साप नेऊ देत नाहीत. म्हणून आम्ही त्याला गाडीतून आणलं, तीन दिवस. तुझ्याच उशीचा अभ्रा घेतला, त्यात त्याला ठेवून गाठ मारली, तो अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात आणि खोकं माझ्या मांडीवर. बाहेर बर्फ आणि आत हीटर इतका मोठा की शिरीष बनियनवर गाडी चालवत होता. पहिला दिवसभर मी खोक्याला नुसतं बोटांच्या टोकांनी धरलं. दुसऱ्या दिवशी खोक्यात काहीतरी सावकाश सरकलं आणि माझ्या तळहाताखाली येऊन थांबलं. मधे थर्माकोलचा जाड थर होता. तरी मी हात काढला नाही.

इथे आल्यावर पहिले काही दिवस मी त्याला ओव्हनचे जाड हातमोजे घालून उचलायचे. ईरा हसायची. “मॉम, ही इज नॉट अ केक!” मग एक दिवस मोजे काढले. दादा, मला वाटायचं साप गिळगिळीत असतो. हा तर आपल्या कॅरम बोर्डासारखा निघाला, पावडर टाकल्यावर व्हायचा तसा, कोरडा आणि गुळगुळीत. तू मला आधीच का नाही हात लावायला लावलास? जबरदस्ती करायची होतीस! बाकी कशात तू जबरदस्ती केली नाहीस, इथे तरी करायचीस.

त्यानंतर मी त्याला रोज घ्यायला लागले. ऑफिसचं काम संपलं की लॅपटॉप बंद आणि वेटोळे मनगटावर. तासभर. कधी दोन तास. मी त्याच्याशी काहीबाही बोलायचे. खरं म्हणजे विचारायचे. कारण त्या मंगळवारी तू पडलास तेव्हा तुझ्याजवळ तोच होता. तू बुधवारी ऑफिसला गेला नाहीस, गुरुवारी गेला नाहीस, मग तुझ्या ऑफिसातल्या माणसाने पोलिसांना कळवलं. ते दोन दिवस घरात फक्त तो, आणि वेळेवर आपोआप लागणारा त्याचा दिवा. तू काही बोललास का? कोणाला हाक मारलीस? वेटोळेला कान नाहीत हे मला ईराने सांगितलंय. तरी मी विचारत राहायचे. तो जीभ बाहेर काढायचा, आत घ्यायचा.

आणि तो जेवेना.

सुरुवातीला मजाच चालली होती. आमच्या फ्रीझरमध्ये मोदकांच्या पाकिटाशेजारी एक पांढरा डबा आला. त्यावर शिरीषने लिहिलं, ‘मामाचं सामान. उघडू नये.’ उंदीर गरम पाण्यात ठेवायला मी एक पातेलं वेगळं काढलं आणि कोणी चुकून त्यात चहा ठेवू नये म्हणून त्याच्या कडेला लाल नेलपॉलिश लावलं. शिरीष म्हणायचा, “हा गणपतीपर्यंत जेवला नाही ना, तर बाप्पाला काय तोंड दाखवायचं? त्याचंच वाहन आपल्या फ्रीझरमध्ये रांगेत पडलंय!” मी चिमट्यात उंदीर धरून वेटोळेसमोर हलवायचे आणि तो मान फिरवायचा, अगदी मी आईपुढे फिरवायचे तशी.

एकदा शिरीषच्या मित्राची आई भेटायला आली. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू. तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि खालच्या पेटीकडे लक्ष गेल्यावर दोन पावलं मागे सरकल्या. “अगं बाई! हे काय पाळलंयस?”

“माझ्या भावाचा आहे, काकू. जेवत नाहीये.”

“जेवेल कसा? दूध दिलंस का?”

“साप दूध पीत नाही, काकू.”

“तू दिलं नाहीस, मग तुला कसं कळलं?”

त्यांनी वाटीत दूध घातलं, वर हळदीची चिमूट टाकली आणि मी ती वाटी दिवसभर तिथे राहू दिली. तू असतास तर तुझ्या कपाळाची शीर उडाली असती. मला माहीत होतं, दादा. तरी ठेवली. तोवर मी त्या थराला पोचले होते.

कोणत्या थराला, तेही सांगते. सहा आठवडे झाले, सात झाले, आणि मी त्याच्याशी तळ्याकाठच्यासारखी बोलायला लागले. चिमट्यात उंदीर धरायचा आणि म्हणायचं, “आईला जूनमध्ये इकडे आणीन.” तो मान फिरवायचा. “तुझं घर इतक्यात विकणार नाही.” मान फिरवायचा. “हॉटेलात राहिले ते चुकलं माझं.” एकदा शिरीषने दारातून हे ऐकलं. तो आत आला नाही. नंतर चहा पिताना हळूच म्हणाला, “मंजू, तो कावळा नाहीये गं.”

मी त्याच्यावर ओरडले. कपही आपटला. कारण त्याने बरोबर ओळखलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी वेटोळेला उलटासुलटा तपासला, तोंडात पाहिलं, आजार काही नाही म्हणाल्या. घर बदललं की असे साप महिनोन्‌महिने जेवत नाहीत, हिवाळ्यात तर नाहीच नाही. पण आता वजन उतरायला लागलंय. मग मला विचारलं, “तुम्ही त्याला किती वेळा हातात घेता?”

“रोज.”

“किती वेळ?”

“तासभर. दोन तास.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “त्याला हे आवडतं असं तुम्हाला वाटतं का? तो फक्त सहन करतोय.”

मग विचारलं, पेटी कशी ठेवलीय, कधी धुतली. मी उत्साहाने सांगितलं की इथे आणल्याबरोबर सगळं कडक गरम पाण्याने, औषधाने, तीनदा धुऊन काढलं. त्यांनी विचारलं, “का?” आता का म्हणजे काय? सुतक संपलं की घरातलं सगळं धुतात, म्हणून! तुझ्याकडून आलेलं एकूण एक मी धुतलं. तुझे शर्ट, तुझा कप, चादरी, पेटी, पेटीतली लाकडं. पेटीत एक कळकट पिवळा प्लास्टिकचा डबा पालथा घातलेला होता, एका बाजूने कापलेला. तो काढून मी त्या जागी दुकानातली सुंदर, खडकासारखी दिसणारी गुहा ठेवली. पेटीच्या वर तुझा फोटो लावला आणि रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. तेही सांगितलं.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, “म्हणजे त्याच्या वासाचं तुम्ही काहीच ठेवलं नाहीत.”

त्या सापाबद्दल बोलत होत्या. मी गाडीत येऊन बसले आणि तुझ्या उशीचा अभ्रा आठवला. तोही धुतला होता मी. दोनदा. उन्हात वाळवून, घडी घालून कपाटात ठेवलाय. आता त्याला आमच्या साबणाचा वास येतो.

तुझी वही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. निळी, पेटीखालच्या खणातली. तोवर उघडायचा धीर होत नव्हता. तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर! पहिल्याच पानावर पेटीचं चित्र आहे, बाण काढून, आणि खाली लिहिलंयस, ‘आईचा डबा डाव्या कोपऱ्यात, गरम बाजूला. हलवू नये.’

आईचा डबा? मी तशीच गॅरेजमध्ये गेले. तो मी टाकला नव्हता, दादा. आपल्या घरातली बाई चांगला डबा टाकेल का? कापलेला असला तरी? त्यात मी रांगोळीचे रंग भरून ठेवले होते. रंग काढले, पालथा केला, तर बुडाशी आईने खिळ्याने कोरलेलं आपलं आडनाव. हा तर तू पहिल्यांदा अमेरिकेला निघालास तेव्हाचा बेसनाच्या लाडवांचा डबा! इतकी वर्षं वेटोळे आईच्या डब्यात राहत होता, आणि मी त्याला आल्या आल्या बेघर केलं.

डबा साध्या पाण्याने धुतला आणि जागेवर ठेवला. उदबत्ती बंद केली. फोटो बैठकीत नेला. पेटीवर चादर टाकली. आणि दोन आठवडे त्याला हात लावला नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की माझं मनगट मोकळं मोकळं वाटायचं. मग मी वही घेऊन बसायचे.

काय वही लिहिलीयस रे! तारीख, उंदीर, शेरा. ‘घेतला.’ ‘नाही घेतला.’ ‘नाही. बाहेर बर्फाचं वादळ.’ ‘कात टाकली, अखंड.’ एकदा त्याला सर्दी झाली तर तू बर्फातून चाळीस मिनिटं गाडी हाकत त्याला डॉक्टरकडे नेलंस, तेही लिहिलंयस. त्याचं वजन दर महिन्याला आहे. तुझं कुठे आहे? तुझ्या ऑफिसातला माणूस मला म्हणाला की तू आठवडाभर ‘ॲसिडिटी’ म्हणून छाती चोळत होतास. आठवडाभर, दादा! त्यात एक रविवार आला असणार. मी फोन केला असणार. मी विचारलं असणार, कसा आहेस? आणि तू म्हणाला असणार...

हो, तेच.

या रविवारांचंच सांगायचंय तुला. वही वाचता वाचता मला एक शेरा दिसला. ‘घेतला. मंजूचा फोन.’ मला वाटलं, सहज लिहिलं असेल. पुढच्या पानावर पुन्हा. ‘मंजूचा फोन चालू असताना घेतला.’ मग मी मागे गेले, वर्षानुवर्षं मागे. ‘मंजूचा फोन उशिरा. तोवर नाही. नंतर घेतला.’ ‘मंजू प्रवासात. फोन नाही. नाही घेतला.’ एके ठिकाणी नुसतंच, ‘मंजू ५० मिनिटं. घेतला.’

मी ईराला हाक मारली. तिने वाचून घेतलं (मराठी अक्षरं लावत लावत वाचते ती, तुझं अक्षर तर तिला कोडंच) आणि म्हणाली, “सो मामा वुड पुट द फूड इन, अँड देन गो टॉक टु यू?”

अगदी तसंच. उंदीर आत ठेवायचास, माझा फोन आला की स्वयंपाकघरात जायचास आणि तिथे माझी बडबड ऐकत उभा राहायचास, पेटीकडे पाठ करून. म्हणूनच का रे तू कधी फोन लवकर ठेवत नव्हतास? मी ऑफिसचं, सासरचं, ईराच्या शाळेचं दळण दळायचे आणि तू ‘हं’, ‘मग?’, ‘बरं’ करत राहायचास. मला वाटायचं, दादाला किती ऐकायला आवडतं. आता प्रश्न पडलाय. तुला माझं ऐकायचं होतं, की त्याचं जेवण व्हायचं होतं? दोन्ही असलं तरी चालेल मला. पण प्रमाण काय होतं?

नऊ वर्षं मी त्याच्या घरात पाऊल ठेवलं नाही आणि दर रविवारी त्याला जेवायला घालत होते!

म्हणून आजचा रविवार. हीच आपली वेळ, तुझे साडेसात, माझे साडेपाच. उंदीर आत ठेवला, दार लावलं. फोन लावायला तू नाहीस, तेव्हा कागद घेतला.

आज सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला होता. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती, ती कैऱ्या किसत बसली होती. मी म्हटलं, “आई, तुला एक खोटं सांगितलंय मी. कावळा शिवला नव्हता. दर्भाचा करावा लागला.”

तिची किसणी थांबली नाही. “माहीत आहे मला.”

“कसं?”

“शिवला असता तर तू नुसतं ‘शिवला’ म्हणून थांबली असतीस होय? कुठून आला, कसा बसला, मान कशी केली, अर्धा तास सांगितलं असतंस. जन्म दिलाय मी तुला.”

मला रडू आलं. म्हटलं, “आई, मग त्याचं काय राहिलं असेल गं?”

आता किसणी थांबली. “जिवंत होता तोवर कधी सांगितलं का त्याने, मला हे हवं म्हणून? पुरण हवं की श्रीखंड, तेसुद्धा नाही. आता कावळ्याला सांगेल तो?” आणि ती हसली, दादा. खरंच हसली. मग हाताला कैरी लागलेली म्हणून कोपराने डोळे पुसले. “ते जाऊ दे. जनावर जेवलं का?”

“नाही अजून.”

“तू त्याच्यासमोर बसून राहतेस का?”

आम्हा दोघींना एकाच वेळी तू आठवलास, खुंटीला दप्तर अडकवणारा.

सात वाजून गेलेत. ईरा दाराबाहेर जमिनीवर कान लावून पडली आहे. मघाशी म्हणाली, “मॉम, आय हर्ड समथिंग. लाइक अ थड.” मी म्हटलं, डबा सरकला असेल. शिरीष उगाच तिसऱ्यांदा ओटा पुसतोय. तिघेही दाराकडे पाठ करायचा प्रयत्न करतोय आणि तिघांनाही ते जमत नाहीये. तुला कसं जमायचं?

साडेसात. थांब हं.

दादा, घेतला.

चादर उचलली तर उंदीर जागेवर नव्हता. आईच्या डब्यातून वेटोळेची शेपटी तेवढी बाहेर होती. ईराने टॉर्च डब्याच्या कापलेल्या बाजूला धरला आणि मला त्याच्या अंगाचा मधला फुगवटा दिसला, मुठीएवढा. शिरीष म्हणाला, “जेवले बरं का श्रीयुत!” ईरा रडत होती आणि मला दटावत होती, “डोन्ट टच हिम, मॉम, डोन्ट टच हिम.” नाही लावला हात. दिवा मालवला आणि आम्ही बाहेर आलो. सॅक्रामेंटोच्या बाईंना शिरीष आत्ता फोन करतोय, येत नाही म्हणून.

वहीत मी लिहिलं, तुझ्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या बेढब अक्षरात. ‘रविवार. मंजू पत्र लिहीत असताना घेतला.’

आता तुला एक कबूल करते. वेटोळेला मी पुन्हा कावळा करणार नाही. तो जेवला म्हणजे तू तृप्त झालास, असं मी मानणार नाही, आणि पुढच्या रविवारी त्याने मान फिरवली तर तुझं काही राहिलंय असं समजणार नाही. त्याला भूक लागली, घर कळलं, तो जेवला. दर रविवारी उंदीर ठेवीन, दार लावीन आणि स्वयंपाकघरात येऊन आईला फोन करीन. पन्नास मिनिटं. त्याला हातात घ्यावंसं वाटेल तेव्हा आधी स्वतःला विचारीन, हे कोणासाठी.

तेव्हा ही शेवटची विचारणा सापाला नाही, कावळ्याला नाही, थेट तुला. तुझं काय राहून गेलं रे? मोठं असू दे, क्षुल्लक असू दे, पुरण की श्रीखंड एवढं असलं तरी चालेल. तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. तरी एकदा, या एका रविवारी, ‘काही नाही गं’ म्हणू नकोस. सांग.

तुझी,
फोनवर फार बोलणारी,
मंजू